ससे बरे आहेत ना?

१४ डिसेंबर

मेव्हणे दोक्सूदादा सकाळी गाडी घेऊन आले आणि बाबांना बुसानला घेऊन गेले. बाबा म्हणजे माझे सासरे. माझी बायको इन्सुन जाऊन चार वर्षं झाली, तरी आम्ही दोघे याच घरात राहतो. त्यांचा खोकला यंदा हटतच नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्यांना ही डोंगरातली थंडी सोसायची नाही. दादांच्या फ्लॅटमध्ये ऊब असते, आणि तिकडे समुद्रामुळे पाणीसुद्धा गोठत नाही म्हणतात. बरं झालं. मला आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा.

निघताना बाबा गाडीत बसेनात. पडवीतल्या सशांच्या पेटीपाशी उभे राहिले.

"काहीही करायचं नाही," मला म्हणाले. "गवत, कोरडा पेंढा, पाणी. गोठलं की बदलायचं. बाकी तू तुझं डोकं चालवायचं नाही."

"बरं."

"बरं म्हणतोस आणि करतोस भलतंच."

दादांनी हॉर्न वाजवला. बाबा म्हणाले, "ऐकू येतं मला, बहिरा नाही झालो," आणि आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिले.

१७ डिसेंबर

वाळवणीचे मासे आले. दर हिवाळ्यासारखं काम सुरू झालं: मांडवावर चढायचं आणि जोडीजोडीने मासे टांगायचे. रात्री गोठतात, दुपारी थोडे सैल पडतात, पुन्हा गोठतात. असं होत होत वसंतापर्यंत सोनेरी होतात. वाळवणीचा मालक थंडीची वाट बघत आकाशाकडे तोंड करून उभा असतो. थंडीसाठी प्रार्थना करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

घरी आलो की घर फार मोठं वाटतं. जमिनीखालून खोली तापवणारी चूल बाबांच्या खोलीचीच पेटवतो, कारण मीही तिथेच झोपतो, दाराच्या बाजूला.

२१ डिसेंबर

बाबांचा फोन.

"ससे बरे आहेत ना?"

"बरे आहेत."

"खातात?"

"खातात. तुम्ही जेवता ना?"

"सून चांगली आहे," ते म्हणाले.

मग आम्ही दोघेही गप्प. आम्हाला फोनवर बोलायची सवय नाही. घरीही फार बोलायची नाही, पण घरातलं गप्प बसणं वेगळं असतं.

२३ डिसेंबर

उत्तरेकडून थंडीची लाट आली आहे. प्रार्थनाघराची घंटा वाजवायला गेलो तर दोरी काठीसारखी ताठ. पहाटे सशांचं पाणी तळापर्यंत गोठलेलं होतं. दोघी पेंढ्यात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, फक्त नाकं हलत होती.

या दोघींना बाबांनी तीन वर्षांपूर्वी बाजारातून आणलं, ते हिवाळ्यात रस्सा करायचा म्हणून. पांढरी बघून म्हणाले, ही दुबूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, वडीसारखी दिसते, म्हणून ती दुबू. आणि तपकिरी, चौकोनी, छताला टांगलेल्या सोयाबीनच्या विटेसारखी, म्हणून ती मेजू. नावं दिली आणि रश्शाचा बेत बारगळला. दोघीही खायच्याच पदार्थांची नावं घेऊन सुखाने जगताहेत.

आज मी त्यांना घरात आणलं. बाबांची जागा रिकामीच आहे, चुलीच्या बाजूची, जिथे जमीन सगळ्यात जास्त तापते. घरातल्या वडीलधाऱ्याशिवाय किंवा पाहुण्याशिवाय तिथे कोणी बसत नाही. मी या घरात बावीस वर्षं आहे, मी कधी बसलो नाही. तिथे इन्सुनची जुनी रजई घातली आणि त्यावर दोघींना ठेवलं. थोड्या वेळाने दुबूने पाय लांब पसरले आणि आडवी झाली. किती दिवसांनी तिला सुख लागलं असेल.

बाबांनी डोकं चालवू नकोस म्हणून सांगितलं होतं खरं. पण बाबांना इथे इतकी थंडी पडलीय हे कुठे माहीत आहे.

२५ डिसेंबर

नाताळ. फादर शहरातून आले. प्रार्थनाघरातली शेगडी मी पहाटेच पेटवली होती, तरी लोक कोट घालूनच बसले. घरी येऊन भात आणि आंबवलेल्या सोयाबीनचं सार केलं. गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा विचार मनात येत राहिला. तिथेही जनावरांचीच ऊब असेल, दुसरी कुठली असणार.

बाबांचा फोन. "ससे बरे आहेत ना?" मी म्हटलं, सुखात आहेत. कुठे आहेत ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही.

"तुमचा खोकला?"

"थांबला. इथे आल्यावर दोन-चार दिवसांत थांबला."

समुद्राची हवा मानवली म्हणायची.

३० डिसेंबर

घरभर केस. झाडू मारावा तर पुन्हा तेवढेच. सारात केस, जपमाळेत केस. मेजूच्या पाठीवरून हात फिरवला तर मूठभर हातात आले. वाटलं, ऊब मिळाली म्हणून जुने केस टाकून नवे घेत असतील. माणूससुद्धा सणाला नवे कपडे करतो.

५ जानेवारी

बाबा तिकडे अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसतात म्हणे. जानेवारीत. दिवसभर काय करता, विचारलं.

"खिडकीत बसतो. समोरच्या इमारतीच्या खिडकीतही एक म्हातारा बसलेला असतो. आम्ही दोघे एकमेकांना दिसत नाही असं दाखवतो."

म्हणजे तिकडे सोबतही मिळाली.

"ससे बरे आहेत ना?"

"बरे आहेत, बाबा."

"आणि चूल? ओढते का नीट?"

"ओढते."

"बरं," म्हणाले. फोन ठेवायच्या आधी ते नेहमी काहीतरी बोलणार असतात असं वाटतं. मग ठेवतात.

९ जानेवारी

आज दोक्सूदादांचा फोन आला. बाबांचा नाही, त्यांचा स्वतःचा.

"योम, एक बोलायचं होतं. बाबांना आता इथेच ठेवावं म्हणतो. तू किती दिवस करणार? पन्नाशीही झाली नाही तुझी. अजून घर मांडता येईल तुला. इन्सुन असती तर गोष्ट वेगळी."

"हो, दादा."

"चांद्र नववर्षाच्या सणाला सगळे जमतील, तेव्हा पक्कं करू. बाबांना विचारलं तर म्हणतात, योमला विचार. तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "मी काय म्हणणार? ते तुमचे वडील आहेत."

दादा चांगले आहेत. जे बोलले ते माझ्या भल्याचंच बोलले. दिवसभर मासे टांगताना तेच डोक्यात होतं. जावई हा मुलीमुळे जोडलेला माणूस. मुलगीच राहिली नाही, तर गाठ कशाला बांधलेली राहते? मी कुठल्या तोंडाने म्हणू, तुमचे वडील मला द्या?

संध्याकाळी जपमाळ घेऊन बसलो. जे बाबांच्या भल्याचं असेल ते होऊ दे, एवढंच मागितलं. मागताना लक्षात आलं, दुसरंच काहीतरी मागायचं होतं, ते मी देवापासूनही लपवलं.

१३ जानेवारी

दुबूने काल रात्रीपासून काही खाल्लं नाही. मुळ्याचा वाळका पाला नाकाशी धरला तर तोंड फिरवलं. पाय पसरून आडवी आहे. जे मला सुख वाटत होतं ते आज तसं वाटत नाही. श्वास भराभर चाललाय, कान तव्यासारखे तापलेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लेंडी नाही.

शेजारी येचॉन गावाहून आलेल्या वहिनी राहतात, त्यांना बोलावलं. दारातच थांबल्या.

"अगंबाई, या इथे कशा?"

"थंडी होती म्हणून…"

"थंडी होती म्हणून सशाला जावयासारखं चुलीपाशी बसवलं? अहो, अंगावर फरचा कोट घालून त्या जागेवर तुम्ही जरा बसून बघा. तुम्हाला कोट काढता तरी येतो. तिला येत नाही, म्हणून ती बिचारी एकेक केस काढून टाकतेय."

"मग परत बाहेर ठेवू?"

"आता? उघडीबोडकी करून बाहेर ठेवाल? वारा लागला की संपली. आधी घरातच कुठे गार असेल तिथे न्या. मग हळूहळू." जाताजाता म्हणाल्या, "माणूस भलेपणाने जेवढं वाटोळं करतो ना, तेवढं वाईटपणाने करत नाही."

दोघींना मागच्या कोठीत नेलं. तिथे मुळे आणि किमचीच्या लोणच्याची मडकी असतात, चूल नाही. फटीत पेंढा कोंबला, खाली पेंढा पसरला. कामावर गेलो नाही. मालक ओरडला असेल.

१४ जानेवारी

दुबू तशीच. दर थोड्या वेळाने बोटाने तोंडात पाणी सोडतो, पोट हलकं चोळतो, चार पावलं चालवतो. मेजू तिच्या शेजारून हलत नाही, तिचे कान चाटत बसते. मेजूची पाठ अर्धी उघडी पडली आहे, पण खाते.

बाबांचा फोन वाजला. मी उचलला नाही. असं मी पहिल्यांदाच केलं.

१५ जानेवारी

सकाळी पेंढ्यात लेंड्या दिसल्या. सात-आठ, लहान आणि कडक, पण होत्या. मी तिथेच गुडघे टेकले. लेंडीसाठी देवाचे आभार मानायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण तो समजून घेणारा आहे, त्याने गोठे पाहिलेत.

दुपारी दुबूने वाळक्या पाल्याची एक काडी ओढून घेतली. खाताना माझ्याकडे बघत होती, जणू मी चोरून घेईन.

१८ जानेवारी

आज जे घडलं ते नीट लिहून ठेवतो.

वहिनींचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं, बसून बघा म्हणालेल्या. रविवार होता, प्रार्थना झाली होती, घरात कोणी नव्हतं. मी कोट घातला आणि बाबांच्या जागेवर बसलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आधी लाज वाटली, मग ऊब वाटली, मग घाम आला. दुबूला कसं वाटलं असेल ते कळावं म्हणून तिच्यासारखा आडवा झालो, गाल जमिनीला लावला.

आणि खोकला आला.

धुराचा वास होता. फार नाही, दाराच्या बाजूला माझ्या अंथरुणापर्यंत तो कधी पोचला नाही. पण तिथे, नाक जमिनीशी असताना, नक्की होता. रजई बाजूला केली, जमिनीवर चिकटवलेल्या तेलकागदाचा कोपरा उचलला. खालच्या मातीला तडा होता, भिंतीच्या कडेने हातभर लांब. कागदाची आतली बाजू काळी पडलेली.

चूल पेटवल्यावर खालून जाणारा धूर या फटीतून बाबांच्या उशीशी येत होता. एक हिवाळा? दोन? त्यांनी कधी सांगितलं नाही. मान म्हणून दिलेली जागा, तक्रार कशी करतील. आणि मी मान म्हणून कधी त्या जागेवर बसलोच नाही, मग मला कसं कळणार. आम्ही दोघांनी एकमेकांचा इतका आदर ठेवला की मध्ये धूर शिरला तो कोणाला दिसला नाही.

समुद्राची हवा मानवली, असं मी लिहिलं होतं. खोडत नाही. राहू दे.

२० जानेवारी

चूल विझवली. कागद काढला, तडा खरवडला, पिवळी माती पेंढ्याच्या भुशात मळून दाबून भरली. माझ्या वडिलांबरोबर लहानपणी असं केलं होतं, हाताला आठवत होतं. दोन रात्री माझ्या खोलीत, बॉयलरच्या उबेवर झोपलो. आज हलका जाळ करून माती सुकवली. नाक लावून वास घेतला. पुन्हा घेतला. मेजूलाही उचलून तिथे नेलं, ती शिंकली नाही. तिचं मत मी फार मोलाचं मानतो हल्ली.

ससे कोठीत ठीक आहेत. दुबूच्या पाठीवर बारीक मऊ लव दिसते. पाणी दिवसातून तीनदा कोमट देतो.

२४ जानेवारी

आज बाबांना सगळं सांगितलं. रोज 'बरे आहेत' म्हणणं आता जमेना.

"बाबा, मी सशांना घरात घेतलं होतं."

"घरात कुठे?"

"तुमच्या जागेवर."

मी पुढचं भराभर सांगून टाकलं: केस गेले, दुबू मरता मरता वाचली, आता कोठीत आहेत.

"जावईबापू," ते म्हणाले. रागावले की ते मला जावईबापू म्हणतात आणि तुम्ही म्हणतात. "जावईबापू, तुम्हाला मी काय सांगितलं होतं? गवत, पेंढा, पाणी. तीन गोष्टी. तुम्ही शाळेत गेला होतात ना? तीनपर्यंत शिकवलं असेल. सशाला देवाने कोट दिलाय तो काय तुमच्या प्रार्थनाघराला दान द्यायला? तुमच्यापेक्षा ते मासे बरे, टांगलं की टांगलेले राहतात."

इतकं ते महिनाभरात बोलले नव्हते. मध्ये खोकला एकदाही आला नाही. मी ऐकत राहिलो. खरं सांगायचं तर फार बरं वाटत होतं.

"आणि आता कोण बघतंय?"

"येचॉनच्या वहिनी सांगतात तसं करतो."

"तिला काय कळतंय? तिच्या कोंबड्या दर हिवाळ्यात मरतात."

मग मी जमिनीच्या तड्याचं सांगितलं. धूर कुठून येत होता, आणि आता बुजवलाय ते.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"तू रोज त्या जागेवर हात फिरवून गरम झालीय का ते बघायचास. कसं सांगू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, तुम्ही या. मला एकट्याला जमत नाही."

"सशांचं?"

"हो," मी म्हटलं. "सशांचं."

"थांब," ते म्हणाले, आणि फोन तसाच चालू ठेवून ओरडले, "दोक्सू, ए दोक्सू, इकडे ये. ससे मरायला टेकलेत."

मी म्हटलं, "बाबा, आता बरे आहेत ते."

"तू गप्प बस," बाबा म्हणाले.

मी दोनदा सांगितलं तरी बाबा दादांना तेच सांगत राहिले. कानांनी कमी ऐकू येतं की काय. आल्यावर तपासून घ्यायला हवं. आले तर.

२६ जानेवारी

दादांचा फोन.

"योम, खरंच इतके आजारी आहेत ससे?"

खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोललो तर बाबा खोटे पडत होते.

"दादा," मी म्हटलं, "त्यांचं बाबांशिवाय चालायचं नाही."

मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो कोणीतरी बंद केला.

"आणि धुराचं?"

"बुजवलंय. मी स्वतः तिथे तीन रात्री झोपून बघितलं. खोकला नाही."

"तू? बाबांच्या जागेवर?"

"हो."

दादा हसले. मग त्यांचा आवाज वेगळा झाला. म्हणाले, "इन्सुन म्हणायची, तुम्हा दोघांना एका खोलीत ठेवलं तर चूल सगळ्यात जास्त बोलते. बरं. सण इथे होऊ दे, पूर्वजांची पूजा माझ्याकडे असते. मग पाठवतो. पण पहाटे बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि छातीचं औषध चुकवायचं नाही."

मी म्हटलं, चुकणार नाही.

बाहेर आलो तर मासे सोनेरी व्हायला लागलेत. उन्हात बघताना डोळ्यांना पाणी आलं. वाऱ्याने असेल.

१० फेब्रुवारी

सण. एकट्यानेच तांदळाच्या चकत्यांचं सार केलं, जरा जास्तच झालं. इन्सुनच्या फोटोपुढे वाटी ठेवली. तिला सांगितलं, बाबा शुक्रवारी येतील. तिला माहीत असेलच.

बाहेरची पेटी साफ केली. तीन बाजूंनी चटया बांधल्या, पुढची बाजू उघडी ठेवली, नाहीतर आत दमट होतं. दोघींना दुपारी ऊन असताना तासभर बाहेर ठेवतो आणि परत कोठीत आणतो. वहिनी म्हणतात, वसंतापर्यंत अशीच ये-जा. बघून म्हणाल्या, "शिकलात हो." मी म्हटलं, बाबांना सांगू नका तुम्ही शिकवलं म्हणून. म्हणाल्या, "माझ्या कोंबड्यांविषयी काय म्हणाले ते कळलंय मला." कसं कळलं देव जाणे.

१३ फेब्रुवारी

बाबा आले.

बस दुपारची. मी लवकर जाऊन थांब्यावर उभा राहिलो. हातात त्यांचा जाड कोट होता, कारण जाताना तो इथेच राहिला होता. उतरले तेव्हा हडकलेले दिसले, गाल आत गेलेले, पण रंग चांगला. कोट घालताना म्हणाले, "तुला वाटलं मी गारठून मरेन?" मी म्हटलं, मला काही वाटलं नाही.

वाटेत सशांबद्दल काय सांगायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. दुबूच्या पाठीवरचा टक्कल पडलेला भाग अजून पूर्ण भरलेला नाही, ते आधी सांगावं की दाखवतानाच सांगावं, हेच ठरत नव्हतं. त्यांनी विचारलं की सांगू, असं ठरवलं. दोन महिने प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य तेच होतं.

पण ते विचारेनात. ओढ्यावरच्या बर्फाविषयी बोलले. माशांचा रंग यंदा चांगला आलाय म्हणाले. वहिनींच्या धुराड्याकडे बघून म्हणाले, ओलं लाकूड जाळतेय. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्याने निघायच्या दिवशी हात हलवला, तेही सांगितलं. "मीही हलवला. जायच्या दिवशी काय हरकत आहे."

घर आलं. पडवीतून जाताना पेटीवरून त्यांची नजर गेली. दुपार असल्यामुळे दोघी बाहेरच होत्या. दुबू मागच्या पायांवर उभी राहिली. मी थांबलो. बाबा थांबले नाहीत. जोडे काढले, आत गेले, आपल्या जागेवर बसले, तळहात जमिनीवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"बाबा, ससे…"

"ससे कुठे पळून चाललेत?" ते म्हणाले. "मला भूक लागलीय. काय केलंयस?"

म्हाताऱ्या माणसांच्या मनाचं काही कळत नाही. मी भात वाढला. त्यांनी तीनदा घेतला.